दुरुस्ती की बदली? आयबीएम १४०१ आणि जुन्या संगणकाचा जुना प्रश्न

१/
जुना संगणक मंदावला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. दुरुस्त करावा की नवा घ्यावा? दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरेच सांगतो आणि निर्णय बहुधा खिशाकडे पाहून होतो. १९७८ साली हाच प्रश्न संबंध देशापुढे उभा राहिला. भारतातील शेकडो संगणकीय यंत्रांची देखभाल करणारी कंपनी आपला कारभार आवरून निघून गेली, आणि यंत्रे मात्र इथेच राहिली. रेल्वेचे हिशेब, कारखान्यांचे पगार, विम्याचे हप्ते त्यांच्यावर चालत होते. आजचा थ्रेड त्या यंत्रांपैकी सर्वांत प्रसिद्ध अशा एका यंत्राविषयी आणि त्याने शिकवलेल्या धड्याविषयी आहे.

२/
यंत्राचे नाव आयबीएम १४०१. ऑक्टोबर १९५९ मध्ये अमेरिकेत त्याची घोषणा झाली. निर्वात नलिकांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, युग सरत होते. १४०१ हे पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारे यंत्र होते. महिन्याला सुमारे २,५०० डॉलर भाड्यात ते मिळू लागले, आणि मध्यम आकाराच्या कंपनीलाही संगणक परवडू लागला. एकूण दहा हजारांहून अधिक १४०१ तयार झाले. त्याची स्मृती जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची होती. आपण वाचत आहात तो हा थ्रेड मराठी युनिकोडमध्ये साठवायचा, तर त्याच्या दुपटीहून अधिक जागा लागेल.

३/
माहिती आत जाई ती पंचकार्डांवरून. एका कार्डावर ८० स्तंभ, प्रत्येक स्तंभात एक अक्षर. कार्डे वाचणारे यंत्र मिनिटाला ८०० कार्डे वाची, आणि १४०३ हा त्याचा सुप्रसिद्ध मुद्रक मिनिटाला ६०० ओळी छापी. कारकुनांच्या अख्ख्या खात्याला महिनाअखेरीस जे काम आठवडाभर पुरत असे, ते या यंत्राने काही तासांवर आणले. ते ८० स्तंभ लक्षात ठेवा. थ्रेडच्या उत्तरार्धात ते पुन्हा भेटणार आहेत.

४/
आता दुरुस्तीकडे वळू. १४०१ चे कपाट उघडले की आत पत्त्याच्या पानाएवढ्या छोट्या पट्ट्या ओळीने खोचलेल्या दिसत. प्रत्येक पट्टीवर मोजके ट्रान्झिस्टर, डायोड, रोधक. अशा हजारो पट्ट्या मिळून एक संगणक. बिघाड झाला की अभियंता आराखड्यांचे जाडजूड खंड उघडी, ऑसिलोस्कोपने संकेताचा माग काढी, दोषी पट्टी उपसून दुसरी खोची, आणि यंत्र चालू करी. उपसलेल्या पट्टीवरचा एखादा ट्रान्झिस्टर बदलला की तीही पुन्हा वापरात येई. हे यंत्र दुरुस्तीसाठीच घडवलेले होते.

५/
मग अडचण कुठे होती? मालकीत. बहुतेक ग्राहक यंत्र विकत घेतच नसत. ते भाड्याने घेत. आराखडे कंपनीचे, सुटे भाग कंपनीचे, अभियंताही कंपनीचा. भाड्यातच देखभाल आली, त्यामुळे ग्राहकाला चिंता नव्हती. पण त्याला ज्ञानही मिळत नव्हते.

अमेरिकेत या व्यवस्थेला कायद्याने चाप लावला होता. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकी सरकार आणि आयबीएम यांच्यात मक्तेदारीविरोधी खटल्यात तडजोड झाली. तिच्यानुसार कंपनीला यंत्रे भाड्याबरोबर विकण्याचाही पर्याय द्यावा लागला, आणि सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्यांनाही उपलब्ध करून द्यावी लागली. आज ज्याला आपण दुरुस्तीचा हक्क म्हणतो, त्याचे हे एक आद्य रूप.

६/
आता बदलीची बाजू. एप्रिल १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम ३६० ही नवी मालिका जाहीर केली. ती १४०१ पेक्षा वेगवान होती, विस्तारता येण्याजोगी होती, आणि आतून सर्वस्वी निराळी होती. हजारो ग्राहकांपुढे प्रश्न आला: इतक्या वर्षांत १४०१ साठी लिहिलेल्या प्रोग्रामांचे काय करायचे?

प्रतिस्पर्धी हनीवेल कंपनीने ही वेदना नेमकी ओळखली होती. डिसेंबर १९६३ मध्ये तिने हनीवेल २०० हे यंत्र आणले आणि त्यासोबत १४०१ चे प्रोग्राम आपल्या यंत्रावर उतरवून देणारे साधन दिले. त्याचे नाव होते ‘लिबरेटर’, म्हणजे मुक्तिदाता!

७/
आयबीएमचे उत्तरही तितकेच चतुर होते. सिस्टिम ३६० च्या लहान यंत्रांमध्ये १४०१ ची हुबेहूब नक्कल करण्याची सोय बसवली गेली. म्हणजे नव्या यंत्राच्या पोटात जुने यंत्र भूतासारखे वावरत राहिले. अनेक कार्यालयांत नवा संगणक आला, आणि त्याने पहिली काही वर्षे जुन्याचे सोंग घेण्यात घालवली.

इथे एक सत्य प्रथमच स्पष्ट झाले. बदलताना लोखंड बदलणे सोपे असते. त्यावर उभे राहिलेले काम बदलणे महाग पडते. घरच्या संगणकालाही हाच नियम लागू आहे. नव्या यंत्राच्या किमतीत आपली जुनी कागदपत्रे, सवयी आणि नव्या प्रणालीवर न चालणारी जुनी सॉफ्टवेअर यांचा हिशेब कुणी धरत नाही.

८/
पाश्चात्त्य कार्यालयांतून १४०१ परत येऊ लागले. भाड्याचे यंत्र असल्याने ते कंपनीकडेच येणार. पण चालते यंत्र मोडीत का काढावे? ते साफसूफ करायचे, झिजलेले भाग बदलायचे, आणि जिथे अजून मागणी आहे तिथे पाठवायचे. भारत हा असाच एक देश होता.

भारतात पहिला १४०१ बसवला गेला तो मुंबईत, १९६१ साली, एस्सो या तेलकंपनीत. पुढे आयबीएमने जुनी यंत्रे आणून, मुंबईतील आपल्या कारखान्यात त्यांचे नूतनीकरण करून ती भारतीय ग्राहकांना भाड्याने देण्यास आरंभ केला. रेल्वे, विमा, तेलकंपन्या, गिरण्या आणि मोठे कारखाने यांच्या दारी १४०१ पोहोचला.

९/
भारतीय ग्राहकांनी नवी यंत्रे का मागितली नाहीत? एक कारण परकीय चलन. देशाकडे डॉलर तुटपुंजे होते, आणि आयातीचा प्रत्येक परवाना अनेक टेबलांवरून फिरत असे. त्यात ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. एका डॉलरला ४.७६ रुपये पडत होते, ते ७.५० रुपये झाले. परदेशी यंत्राची डॉलरमधली किंमत तीच राहिली, तरी रुपयांत ती एका रात्रीत दीडपटीहून अधिक झाली. अशा वेळी इथेच दुरुस्त झालेले आणि रुपयांत भाडे घेणारे यंत्र नाकारणे अवघड होते.

१०/
दुसरे कारण माणसांचे. संगणक आला की नोकऱ्या जातील, ही भीती त्या काळी खरी आणि तीव्र होती. आयुर्विमा महामंडळाने कोलकात्यात संगणक बसवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी इलाको हाउस या इमारतीभोवती कडा पहारा दिला. ते आंदोलन कामगार चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर, आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. अशा वातावरणात नवा, अधिक शक्तिशाली संगणक मागणे म्हणजे नवा संघर्ष ओढवून घेणे. जुनाच चालू ठेवणे त्या मानाने निमूट होते.

११/
मुंबईतच या कथेचे उलटे उदाहरण घडत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगास्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या गटाने स्वतःचा संगणक बांधला. १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र, १९६० मध्ये पूर्ण यंत्र, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते नामकरण: टिफ्रॅक. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह तापतो, विझतो, बदलावा लागतो. पण इथे बिघाड झाला तर कुणा कंपनीला तार करावी लागत नव्हती; ज्याने तारा जोडल्या तोच दोष शोधायला बसे.

१२/
तरीही टिफ्रॅक निवृत्त झाला. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेचा सीडीसी ३६०० आला आणि देशभरातील संशोधक त्यावर गणिते करू लागले. टिफ्रॅक दुरुस्त होण्याजोगा होता, पण त्याचे व्हॉल्व्हचे तंत्रच मागे पडले होते, आणि पदार्थवैज्ञानिकांची गणिते त्याच्या आवाक्याबाहेर गेली होती. इथे बदली योग्यच होती.

म्हणून दुरुस्तीचा आंधळा कैवार इतिहासाला धरून होणार नाही. मात्र टिफ्रॅक गेला तरी त्याच्यावर हात बसलेली माणसे राहिली. यंत्र मोडीत निघाले तरी त्याच्यावर कमावलेले ज्ञान मोडीत निघत नाही.

१३/
पुन्हा १४०१ कडे. १९७० च्या दशकात वातावरण बदलले. १९७० साली केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स विभाग स्थापन झाला. हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने टीडीसी मालिकेतील देशी संगणक बनवण्यास आरंभ केला होता. आणि प्रश्न विचारले जाऊ लागले. अमेरिकेत ज्या यंत्राची विक्री आयबीएमने १९७१ च्या आरंभी थांबवली, त्याच यंत्राचे भाडे भारत अजून का भरतो आहे?

संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ च्या अहवालात सरकारी खात्यांतील संगणकीकरणाची झाडाझडती घेतली. जुनी, इतरत्र टाकून दिलेली यंत्रे इथे आणून त्यांवर भरघोस भाडे कमावल्याबद्दल आयबीएमवर तीत कडक ताशेरे होते.

१४/
या टीकेत तथ्य होते. यंत्राची किंमत पहिल्याच देशात वसूल झालेली, आणि इथले भाडे हा बराचसा निव्वळ नफा. शिवाय भाडेकरूला आपले यंत्र किती जुने आहे हे ठरवण्याचे साधन नव्हते.

पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पगारपत्रके आणि हप्त्यांच्या पावत्या यांसाठी १४०१ पुरेसा होता. कामाला पुरेल ते यंत्र वापरणे यात मागासलेपण नाही. शिवाय या यंत्रांवर भारतातील प्रोग्रामर, ऑपरेटर आणि देखभाल-अभियंते यांची एक आख्खी पिढी घडली. म्हणजे वाद यंत्राच्या वयाचा नव्हताच. यंत्र कोणत्या अटींवर मिळाले आणि त्याची किल्ली कुणाकडे होती, हा खरा वाद होता.

१५/
१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातील आपला भांडवली हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग पाडले. आयबीएमने आपला व्यवसाय दोन भागांत विभागण्याचा प्रस्ताव दिला. सरकारला तो मान्य झाला नाही. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. कोका-कोला गेली हे सर्वांच्या लक्षात आहे, कारण बाटली प्रत्येकाच्या हाती होती. आयबीएमही गेली. १९७८ मध्ये तिने भारतातील कारभार बंद केला.

१६/
शीतपेय गेले तर दुसरे पिता येते. संगणकाची देखभाल करणारा गेला तर? पहिली तारीख येणार, पगारपत्रक छापले गेले पाहिजे, आणि कार्डवाचक यंत्राचा पट्टा तुटलेला.

सुदैवाने याची तजवीज आधीच झाली होती. डिसेंबर १९७५ मध्ये सरकारने कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजेच सीएमसी, ही कंपनी स्थापन केली होती. नावातच तिचे काम होते: देखभाल. संगणक बनवण्यासाठी कंपन्या निघालेल्या आपण जाणतो. केवळ दुरुस्तीसाठी सरकारने काढलेली कंपनी हे दृश्य विरळा. आयबीएम गेल्यावर देशभरातील तिच्या यंत्रांचा भार सीएमसीने उचलला. आयबीएममधील अनेक अनुभवी माणसे तिच्याकडे आली. काहींनी इंटरनॅशनल डेटा मॅनेजमेंट ही स्वतंत्र कंपनी उभारली.

१७/
निर्मात्यावाचून यंत्र चालू ठेवायला काय लागते? तीन गोष्टी: आराखडे, सुटे भाग आणि सरावलेला हात. यांतील एक जरी नसली तरी उरलेल्या दोन पांगळ्या होतात. भाग आहे पण आराखडा नाही, तर तो कुठे लावायचा हे कळत नाही. आराखडा आहे पण सराव नाही, तर दोष शोधण्यातच दिवस जातो. आणि दोन्ही असून भागच नसेल, तर एका यंत्राचे अवयव काढून दुसऱ्याला लावण्यावाचून गत्यंतर नसते.

सरावलेले हात कंपनीबरोबर निघून गेले नाहीत, ते देशातच राहिले. भारताची नौका तरली ती मुख्यतः यामुळे.

१८/
यातून एक अनपेक्षित लाभ झाला. आयबीएमचा अभियंता केवळ आयबीएमची यंत्रे जाणे. सीएमसीला मात्र निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे सांभाळावी लागली. ज्याला दहा घराण्यांची यंत्रे उघडावी लागतात, त्याला ती एकमेकांना जोडण्याची दृष्टीही येते. देखभालीतून सीएमसी मोठ्या प्रणाली घडवण्याकडे वळली. १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत सुरू झालेले रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण तिचेच काम. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारातील आरडाओरडीचा सौदा पडद्यावर आणणारी ‘बोल्ट’ प्रणालीही तिचीच. पुढे ही कंपनी टाटांकडे गेली आणि अखेरीस टीसीएसमध्ये विलीन झाली.

१९/
पण हिशेब एकतर्फी नव्हता. जुने यंत्र चालू ठेवता येते म्हणून चालूच ठेवले, याची किंमतही देशाने मोजली. जगात लघुसंगणक आणि मग सूक्ष्मसंगणक आले, तेव्हा आपल्याकडील अनेक कार्यालये पंचकार्डांच्या गठ्ठ्यांतच अडकलेली होती. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या एचसीएलसारख्या भारतीय कंपन्यांनी ही पोकळी भरण्यास आरंभ केला. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली केली, आणि त्यानंतर १४०१ ची सद्दी संपली. दुरुस्ती हे संकटातले बळ असते. तेच धोरण होऊन बसले तर माणूस भूतकाळाचा चौकीदार होतो.

२०/
याच यंत्राची एक हळवी कथा आइसलँडमधली आहे. तिथे १९६४ मध्ये १४०१ आला. त्याच्या देखभालीचे प्रमुख होते योहान गुन्नारसन. त्यांच्या ध्यानी आले की यंत्राच्या स्मृतीजवळ रेडिओ ठेवला तर तिच्या विद्युतचुंबकीय लहरी सूर होऊन ऐकू येतात. मग त्यांनी यंत्राला चक्क गायला शिकवले. १९७१ मध्ये यंत्र निवृत्त झाले, तेव्हा ते सूर ध्वनिफितीवर जपून ठेवले गेले. पुढे त्यांचा मुलगा, संगीतकार योहान योहानसन, याने त्या ध्वनिमुद्रणावर आधारित संगीतरचना केली आणि २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जे यंत्र स्वतः दुरुस्त करतो, त्याच्याशी माणसाचे नाते निराळे होते, याचा याहून सुंदर पुरावा मला ठाऊक नाही.

२१/
आणखी एक कथा कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यूची. तिथल्या संगणक इतिहास संग्रहालयाने जर्मनीतून एक जुना १४०१ आणला, आणि २००४ पासून स्वयंसेवकांनी त्याचे पुनरुज्जीवन आरंभले. त्यांत आयबीएमचे निवृत्त अभियंते मोठ्या संख्येने होते. रबराचे रूळ चिकट झालेले, जुने ट्रान्झिस्टर निकामी झालेले. आराखडे जपलेले होते, म्हणून मार्ग सापडत गेला. वर्षानुवर्षांच्या परिश्रमानंतर यंत्र पुन्हा कार्डे वाचू लागले. तरुण अभियंत्यांना हे काम शिकवणारे ते हात आता वयोवृद्ध आहेत. पन्नास वर्षांपूर्वीचा ट्रान्झिस्टर अजून मिळू शकतो. पन्नास वर्षांचा सराव बाजारात मिळत नाही.

२२/
आता ते ८० स्तंभ. कार्डावर जागा थोडी, म्हणून वर्ष लिहिताना ‘१९’ गाळून शेवटचे दोनच अंक लिहिण्याची रीत पडली. कार्डे गेली, यंत्रे गेली, पण ती रीत प्रोग्रामांमधून पुढच्या पिढ्यांत उतरत राहिली. २००० साल जवळ आले तेव्हा जगाला कळले की आपण यंत्रे बदलली, प्रोग्राम मात्र जुनेच चालवतो आहोत. ‘वायटूके’ नावाने गाजलेली ही दुरुस्ती करण्यात भारतीय कंपन्यांचा आणि भारतीय प्रोग्रामरांचा वाटा मोठा होता. टाटा स्टीलसाठी पंचकार्डांचे काम करून १९६८ मध्ये मुंबईत आरंभ झालेली टीसीएस त्यांतलीच. जुने कोबॉल वाचून सुधारू शकणारी माणसे इथे होती. जगाची जुनी सॉफ्टवेअर दुरुस्त करता करता या देशाचा नवा उद्योग मोठा झाला.

२३/
आपल्या टेबलावरच्या संगणकाकडे येऊ. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. ठणठणीत चालणारी असंख्य यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नसल्याने त्या दिवशी कागदोपत्री ‘जुनी’ झाली. १४०१ मध्ये पट्टी उपसून बदलता येई. आज अनेक लॅपटॉपमध्ये रॅम थेट मदरबोर्डवर डाखलेली असते. यंत्र म्हातारे होण्याचे वय आता धातूची झीज ठरवत नाही, निर्मात्याचा निर्णय ठरवतो. म्हणूनच १९५६ चा प्रश्न परतला आहे. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याविषयी निर्देश काढला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सोल्डरिंगची कढई तापवून बसलेला कारागीर हा हक्क कायद्याच्या आधीपासून बजावतो आहे.

२४/
तर दुरुस्ती की बदली? इतिहासातून चार कसोट्या हाती लागतात.

एक, टिफ्रॅकची कसोटी: आपले काम यंत्राच्या आवाक्याबाहेर गेले आहे काय? गेले असेल तर बदला. त्यात अपराध नाही.
दोन, ‘लिबरेटर’ची कसोटी: यंत्राबरोबर कोणकोणते काम हलवावे लागेल? त्याची किंमत आधी मोजा.
तीन, सीएमसीची कसोटी: माहिती, सुटे भाग आणि हात, तिन्ही मिळतात काय? मिळत असतील तर बॅटरी बदलून, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून किंवा लिनक्स घालून जुने यंत्र आणखी काही वर्षे सुखाने चालेल.
चार, लोकलेखा समितीची कसोटी: हे यंत्र जुने झाले असे कोण म्हणतो, आणि तसे म्हणण्यात त्याचा लाभ काय?

२५/
या कथेत मला सर्वांत मोलाची वाटते ती सीएमसी. देशाची यंत्रे जुनी होती, परकी होती, भाड्याची होती. पण ती उघडण्याचे धैर्य आणि विद्या आपल्यापाशी होती, म्हणून १९७८ मध्ये काम थांबले नाही. ज्याला दुरुस्ती येते त्यालाच बदलीचा निर्णय मोकळेपणाने घेता येतो. ज्याला ती येत नाही, त्याच्यासाठी निर्णय दुसराच कुणी घेतो.

२६/
शेवटी एक विनंती. आपल्या नात्यात किंवा शेजारी असे कुणी आजोबा-आजी असतील, ज्यांनी १९६० ते १९८० च्या दरम्यान एखाद्या कंपनीच्या, रेल्वेच्या किंवा विम्याच्या कार्यालयात पंचकार्डे भोसकली, मुद्रकाचे कागद फाडले किंवा रात्रपाळीत १४०१ चे कपाट उघडले. त्यांच्यापाशी बसा, विचारा, ध्वनिमुद्रण करून ठेवा. यंत्रे बहुतेक मोडीत गेली. आराखडे रद्दीत गेले. या इतिहासाचा जो भाग अजून वाचवता येण्याजोगा आहे, तो त्यांच्या स्मृतीत आहे, आणि त्याचे सुटे भाग कुठेही मिळत नाहीत.

इथे थांबते. अशी एखादी आठवण आपल्या घरी सापडली, तर या थ्रेडखाली अवश्य लिहा.